वाचकांचे प्रश्न : एका संगणकावर सापडणारी फाइल दुसऱ्यावर का सापडत नाही?

अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तक्रारीची निरनिराळी रूपे आहेत. प्रोग्राम एका ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो, दुसरीवर अडतो आणि चूक शेवटी फाइलच्या पाथमध्ये, म्हणजे ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे सांगणाऱ्या पत्त्यात, निघते. त्यांतील पाच प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहोत. कोडमधील नावे सदराच्या रिवाजाप्रमाणे देवनागरीत छापली आहेत; प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन लिपीत लिहायची आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. तालुकावार पावसाच्या नोंदी वाचून महिन्याची बेरीज काढणारा पायथन प्रोग्राम मी घरच्या विंडोज लॅपटॉपवर लिहिला. त्यात फाइलचा पाथ 'नोंदी\जून.सीएसव्ही' असा आहे. विभागाच्या लिनक्स सर्व्हरवर मात्र तोच प्रोग्राम 'अशी फाइल नाही' असे सांगतो, आणि फाइल तर तिथे डोळ्यांना दिसते. मित्र म्हणतो, सगळे बॅकस्लॅश काढून फॉरवर्ड स्लॅश टाक, काम झाले. एवढे पुरेल का?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : तुमच्या मित्राचा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. लिनक्सवर फोल्डर एकमेकांपासून वेगळे करणारे चिन्ह एकच आहे आणि ते म्हणजे फॉरवर्ड स्लॅश ('/'). बॅकस्लॅश ('\') हे तिथे फाइलच्या नावात खुशाल चालणारे साधे चिन्ह आहे. त्यामुळे लिनक्सने 'नोंदी या फोल्डरमधील जूनची फाइल' शोधलीच नाही, 'नोंदी\जून.सीएसव्ही' एवढे लांबलचक नाव असलेली एकच फाइल चालू फोल्डरमध्ये शोधली आणि ती नाही असे खरे तेच सांगितले. तुम्ही फाइल वाचत होता म्हणून निदान चूक कळली. याच पाथवर लिहायला गेला असता तर प्रोग्रामने कुरकुर न करता त्या विचित्र नावाची नवी फाइल तयार केली असती, आणि 'नोंदी' फोल्डर रिकामे का राहते याचा शोध तुम्ही भलत्याच ठिकाणी घेत बसला असता.

हा फरक पडला तो इतिहासामुळे. युनिक्समध्ये फॉरवर्ड स्लॅश अगदी सुरुवातीपासून रुळलेला होता. १९८१ मध्ये आलेल्या एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्तीत एकात एक फोल्डर ठेवण्याची सोयच नव्हती, आणि आज्ञांचे पर्याय सांगण्यासाठी तिथे '/' हे चिन्ह वापरले जात होते. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीबरोबर फोल्डर आले तेव्हा ते चिन्ह आधीच अडकलेले असल्यामुळे बॅकस्लॅशची निवड झाली. तरीही फाइल उघडणाऱ्या अंतर्गत सुविधा दोन्ही चिन्हे स्वीकारत राहिल्या आणि आजच्या विंडोजमध्येही स्वीकारतात. तुमच्या मित्राचा उपाय चालतो तो याच कारणाने. अपवाद मोजकेच आहेत. जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये फॉरवर्ड स्लॅश दिसला की तो पर्याय समजला जाऊ शकतो, आणि अतिलांब पाथसाठी सुरुवातीला '\\?\' लावला तर विंडोज त्यापुढचे काहीही बदलून घेत नाही, तिथे बॅकस्लॅशच लागतो.

फॉरवर्ड स्लॅश वापरण्याचा आणखी एक फायदा आहे. पायथन, सी, जावा यांसारख्या भाषांत अवतरणचिन्हांमधील बॅकस्लॅशला स्वतःचा वेगळा अर्थ असतो. 'सी:\न्यू\टेबल' हा पाथ रोमन लिपीत लहान अक्षरांनी लिहिला की बॅकस्लॅशनंतर आलेल्या 'एन'मुळे तिथे नवी ओळ सुरू होते आणि 'टी'मुळे टॅब पडतो. मग अशी फाइल जगात कुठेच नसते. 'सी:\यूजर्स'मध्ये मोठा 'यू' आल्यास पायथन ३ प्रोग्राम सुरूच करत नाही, कारण त्या जोडीनंतर त्याला सोळा पाया असलेल्या संख्यापद्धतीचे आठ अंक हवे असतात. अवतरणाआधी 'आर' अक्षर लावून हा त्रास टळतो, मात्र अशा स्ट्रिंगच्या, म्हणजे अवतरणातील मजकुराच्या, शेवटी एकटा बॅकस्लॅश ठेवता येत नाही, आणि फोल्डरचा पाथ लिहिताना नेमका तोच ठेवण्याचा मोह होतो.

आता अपुरेपणाविषयी. पाथला स्ट्रिंग समजून अधिकचे चिन्ह वापरून जोडत राहणे हीच खरी अडचण आहे. पाथ ही भागांची रचना आहे, आणि ती कशी वाचायची याचे नियम प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमचे निराळे आहेत. २०१४ मध्ये पायथन ३.४ बरोबर आलेले 'पाथलिब' हे मोड्यूल नेमक्या याच समजुतीवर उभे आहे. त्यात पाथ('नोंदी') / 'जून.सीएसव्ही' असे लिहिले की विंडोजवर विंडोजच्या आणि लिनक्सवर लिनक्सच्या रीतीने पाथ तयार होतो. तरी पाथलिब वापरले म्हणजे सुटलो असे समजू नका, कारण 'नोंदी\जून.सीएसव्ही' हे आयते नाव लिनक्सवर पाथलिबला दिले तर तेही त्याला एकच नाव मानते, आणि लिनक्सच्या नियमांनुसार ते बरोबरच आहे. विंडोजवर तयार झालेल्या यादीतून असे पाथ येत असतील तर ते 'प्युअरविंडोजपाथ' या वर्गाने वाचावेत. हा वर्ग प्रत्यक्ष डिस्कला हात लावत नसल्यामुळे तो लिनक्सवरही चालतो, आणि 'अॅझ_पॉझिक्स' ही पद्धत वापरून त्यातून फॉरवर्ड स्लॅशचा पाथ मिळतो.

जोडतानाचा दुसरा सापळा अधिक घातक आहे. उजवीकडचा भाग फॉरवर्ड स्लॅशने सुरू होत असेल, म्हणजे पाथ('नोंदी') / '/जून.सीएसव्ही' असे लिहिले असेल, तर डावीकडचे 'नोंदी' मुकाट्याने गळून पडते आणि डिस्कच्या मुळापासूनचा पाथ हाती येतो. हे नाव तुम्हीच लिहिलेले असेल तर फक्त गैरसोय होते. परंतु ते संकेतस्थळावरच्या एखाद्या फॉर्ममधून आलेले असेल तर तुम्ही परक्या माणसाला सर्व्हरवरची कोणतीही फाइल मागण्याची मुभा दिली असे होते. दोन टिंबांनी ('..') वरच्या फोल्डरमध्ये जाण्याचा धोकाही याच जातीचा आहे. म्हणून अंतिम पाथ पूर्ण सोडवून तो ठरलेल्या फोल्डरच्या आतच आहे ना, हे फाइल उघडण्यापूर्वी तपासावे.

चिन्ह दुरुस्त झाल्यावर तुम्हाला बहुधा पुढची अडचण येईल. 'नोंदी/जून.सीएसव्ही' हा सापेक्ष पाथ प्रोग्रामच्या फाइलपासून मोजला जात नाही. प्रोग्राम ज्या फोल्डरमधून सुरू केला तिथून तो मोजला जातो. सर्व्हरवर क्रॉनने ठरावीक वेळी चालवलेला प्रोग्राम साधारणपणे वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधून सुरू होतो, आणि मग बरोबर चिन्ह असूनही फाइल सापडत नाही. कोडच्या फाइलचे स्वतःचे ठिकाण विचारून त्यापासून पाथ बांधावा. होम फोल्डरचा पाथही हाताने लिहू नये, कारण तो विंडोजवर 'यूजर्स'मध्ये सी ड्राइव्हवर, मॅकवर '/यूजर्स'मध्ये आणि लिनक्सवर सामान्यतः '/होम'मध्ये असतो; 'पाथ.होम' तो आपोआप देतो.

पाथ डेटाबेसमध्ये किंवा जेसन फाइलमध्ये साठवायचे असतील तर ते नेहमी सापेक्ष आणि फॉरवर्ड स्लॅशचेच ठेवावेत आणि फाइल उघडण्याच्या क्षणी त्या त्या सिस्टीमच्या रूपात आणावेत. झिप फाइलच्या आत नावे याच पद्धतीने ठेवावीत असा त्या स्वरूपाचा नियम आहे, म्हणूनच विंडोजवर बांधलेली झिप लिनक्सवर सुरळीत सुटते. इतर भाषांतही सोय आहे: जावामध्ये सातव्या आवृत्तीपासून, सी++ मध्ये २०१७ च्या प्रमाणापासून, आणि नोडमध्ये 'पाथ' मोड्यूलमधून. गो भाषेने तर दोन पॅकेजेस ठेवली आहेत, संकेतस्थळांच्या पत्त्यांसाठी फक्त फॉरवर्ड स्लॅश ओळखणारे 'पाथ' आणि डिस्कवरच्या फाइलींसाठी 'फाइलपाथ'. हा भेद नावातच दाखवणे मला फार शहाणपणाचे वाटते.

प्रश्न : नातेवाइकांच्या दुकानासाठी मी संकेतस्थळ बनवले. विंडोज लॅपटॉपवर साड्यांची सर्व छायाचित्रे दिसतात, सर्व्हरवर चढवल्यावर निम्मी दिसत नाहीत. पाथमध्ये सर्वत्र फॉरवर्ड स्लॅशच आहे.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : न दिसणाऱ्या छायाचित्रांच्या नावाचा शेवट पाहा. कॅमेरे 'जेपीजी' हा विस्तार बहुधा मोठ्या रोमन अक्षरांत लिहितात, आणि तुमच्या पानात तो लहान अक्षरांत असणार. विंडोजची एनटीएफएस आणि मॅकवरची नेहमीच्या मांडणीतली एपीएफएस या फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवण्याच्या पद्धती, नावातील लहान-मोठी अक्षरे जपून ठेवतात, पण शोधताना त्यांच्यात भेद करत नाहीत. लिनक्सवरची ईएक्सटी४ मात्र तो करते. सर्व नावे लहान अक्षरांत आणावीत. कोडच्या आवृत्त्या जपणारे गिट वापरत असाल तर फक्त अक्षरांचा आकार बदललेला त्याला विंडोजवर कळेलच असे नाही, म्हणून नाव 'गिट एमव्ही' या आज्ञेनेच बदलावे. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांची भानगडच नसल्यामुळे मराठी नावांना या त्रासातून जन्मजात सूट आहे, पण त्यांचा स्वतःचा वेगळा त्रास आहे. तो पुढच्या पत्रात पाहा.

प्रश्न : आमच्या मंडळाने जिल्ह्यातील जुन्या छायाचित्रांचा संग्रह केला आहे. फाइलींची नावे मराठीत आहेत. एका जुन्या मॅकवरून त्या लिनक्स सर्व्हरवर कॉपी केल्या. यादीतील नाव वाचून छायाचित्र उघडणारा छोटा प्रोग्राम 'वाई घाट' आणि 'अजिंक्यतारा' उघडतो, पण 'कऱ्हाड प्रीतिसंगम' आणि 'सज्जनगड पायऱ्या' सापडत नाहीत म्हणतो. यादीतील आणि फोल्डरमधील नावे आम्ही अक्षर न् अक्षर जुळवून पाहिली. ती तंतोतंत सारखी आहेत.
— एका मंडळाचे कार्यकर्ते, सातारा

उत्तर : नावे डोळ्यांना सारखी आहेत, संगणकाला नाहीत. न सापडणाऱ्या दोन्ही नावांत 'ऱ' आहे, आणि सापडणाऱ्या नावांत तो नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे लिपीतील प्रत्येक चिन्हाला संकेत देणाऱ्या प्रमाणात, 'ऱ' दोन प्रकारे लिहिता येतो: त्याच्यासाठी राखलेल्या एकाच संकेताने, किंवा साधा 'र' आणि त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशा दोन संकेतांनी. पडद्यावर दोन्हींचे रूप एकच दिसते आणि युनिकोडच्या नियमाने दोन्ही समतुल्य आहेत. मॅकची जुनी फाइल सिस्टीम, एचएफएस प्लस, कोणतेही नाव साठवताना ते विघटित रूपात बदलून घेत असे, म्हणजे तुम्ही एका संकेताचा 'ऱ' टाइप केला तरी डिस्कवर 'र' आणि नुक्ता जात असे. मॅकवरच शोधले तर मॅक दोन्ही रूपे एक मानत असल्यामुळे हे कधी जाणवत नाही. लिनक्सला मात्र फाइलचे नाव म्हणजे निव्वळ बाइटांची रांग; त्याने यादीतील 'कऱ्हाड' या शब्दाचे १८ बाइट फोल्डरमधल्या २१ बाइटांशी ताडून पाहिले आणि नकार दिला. २०१७ मध्ये मॅकवर आलेली एपीएफएस नाव जसेच्या तसे जपते आणि शोधताना दोन्ही रूपे एकच धरते, परंतु जुन्या डिस्कवरून उतरवलेली नावे विघटितच राहतात.

उपाय असा. प्रोग्रामने आधी फोल्डरमधील सर्व नावे वाचावीत, प्रत्येक नाव 'एनएफसी' या, जोडता येणारे संकेत एकत्र करणाऱ्या, प्रमाणित रूपात आणून त्याची किल्ली करावी, आणि त्या किल्लीसमोर डिस्कवरचे मूळ नाव तसेच ठेवावे. यादीतील नावही एनएफसीमध्ये आणून किल्ली शोधावी, आणि फाइल उघडताना मूळ नाव वापरावे. पायथनमध्ये हे रूपांतर 'युनिकोडडेटा' मोड्यूलमधील 'नॉर्मलाइझ' करते. नावे कायमची दुरुस्त करायची असतील तर पुन्हा कॉपी करताना आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामच्या 'आयकॉन्व्ह' पर्यायाने ती वाटेतच बदलता येतात.

मराठीपुरती एक गुंतागुंत यानंतरही उरते. 'पायऱ्या'मधला अर्धा 'ऱ' काही कळफलक 'र', हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह, म्हणजे झेडडब्ल्यूजे, अशा तिसऱ्याच पद्धतीने लिहितात. हे रूप पहिल्या दोघांशी युनिकोडच्या दृष्टीने समतुल्य नाही, त्यामुळे एनएफसी त्याला हात लावत नाही. तेव्हा नॉर्मलाइझ करण्यापूर्वी ही तिन्ही चिन्हे एकत्र सापडली की त्यांच्या जागी 'ऱ' आणि हलन्त ठेवण्याची एक ओळ आपणच लिहावी लागते. अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका. तसे केले की 'दऱ्या'चा 'दर्या' होईल आणि सह्याद्रीची छायाचित्रे समुद्रात जातील.

लांबीचीही काळजी घ्यावी. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टीमवर एका नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, म्हणजे विस्तारासकट जेमतेम ८५ संकेत मावतात. यात काना, मात्रा, हलन्त सगळे मोजले जाते. एकट्या 'पायऱ्या' या शब्दाचे सात संकेत, अर्थात २१ बाइट होतात. छायाचित्रातील व्यक्तींची नावे, स्थळ आणि प्रसंग असे सगळे फाइलच्या नावात लिहिण्याची सवय असेल तर ही मर्यादा लवकर गाठली जाते. विंडोज याच नावाची मोजणी वेगळ्या एककात करते आणि २५५ देवनागरी संकेत चालवून घेते, मात्र तिथे सी ड्राइव्हपासूनच्या संपूर्ण पाथवर २६० ची जुनी मर्यादा आहे. विंडोज १० च्या २०१६ मधील आवृत्तीपासून ती उठवता येते, पण त्यासाठी सिस्टीममधील नोंद आणि त्या प्रोग्रामची तयारी दोन्ही लागतात.

मराठी नावे सोडून द्या असे मी म्हणणार नाही. फोल्डर उघडल्यावर 'कऱ्हाड' दिसणे आणि 'आयएमजी ००४७' दिसणे यांत माणसासाठी मोठा फरक आहे. पण प्रोग्रामने फाइल ओळखावी ती क्रमांकाने. नावाच्या सुरुवातीला क्रमांक ठेवा, आणि सविस्तर वर्णन यादीच्या तक्त्यात जाऊ द्या.

प्रश्न : आमच्या कार्यालयातील प्रोग्राम रोज संध्याकाळी हिशेबाची प्रत 'हिशेब १८:३०.टीएक्सटी' अशा नावाने ठेवतो. लिनक्सवर तो वर्षभर नीट चालला. विंडोजवर नेल्यावर कोणतीही चूक दाखवत नाही, पण फोल्डरमध्ये 'हिशेब १८' नावाची शून्य बाइटची फाइल दिसते. माहिती गेली कुठे?
— एक वाचक, पणजी

उत्तर : माहिती गेलेली नाही, पण ती तिथून हलवण्याची घाई करू नका. एनटीएफएसमध्ये एकाच फाइलला मुख्य मजकुराखेरीज आणखी नामधारी प्रवाह जोडता येतात, आणि फाइलचे नाव व प्रवाहाचे नाव यांच्यामध्ये विसर्गासारखे दिसणारे हेच कोलनचे चिन्ह असते. म्हणून विंडोजने 'हिशेब १८' नावाची रिकामी फाइल केली आणि तुमचा हिशेब तिला जोडलेल्या '३०.टीएक्सटी' या प्रवाहात लिहिला. फाइल एक्सप्लोरर फक्त मुख्य मजकुराचा आकार दाखवतो, त्यामुळे शून्य दिसते. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डीआयआर /आर' ही आज्ञा दिली की प्रवाह आणि त्यांचे आकार दिसतील. त्याच पूर्ण नावाने पायथनमधून फाइल उघडली की मजकूर वाचता येईल. तो साध्या नावाच्या फाइलींत उतरवून घ्या. त्याआधी ही फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी केली किंवा नेहमीच्या झिपमध्ये टाकली तर प्रवाह मागे राहतील आणि नेलेली प्रत खरोखरच रिकामी असेल. नावात सेकंदही असते, म्हणजे दोन कोलन आले असते, तर विंडोजने सरळ चूक दाखवली असती आणि तुमचा हा मनस्ताप वाचला असता.

वेळ '१८-३०' अशी लिहावी, आणि तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे नावे आपोआप कालक्रमाने लागतात. तारखेत फॉरवर्ड स्लॅश कुठेच चालत नाही. मॅकच्या फाइंडरमध्ये तो टाइप करता येतो खरा, पण आत तो कोलन म्हणून साठवला जातो, कारण जुन्या मॅकमध्ये फोल्डर वेगळे करणारे चिन्ह कोलन होते. विंडोजवर याशिवाय प्रश्नचिन्ह, तारा, उभी रेघ, दुहेरी अवतरण आणि दोन्ही कोनी कंस नावात चालत नाहीत. नावाच्या शेवटी आलेले टिंब किंवा मोकळी जागा विंडोज गाळून टाकते. आपल्याकडे 'ता.', 'जि.' अशी संक्षेपरूपे फोल्डरच्या नावांत सर्रास असतात, आणि लिनक्सवरून आलेले 'सातारा जि.' हे फोल्डर विंडोजवर त्या नावाने उघडत नाही, त्याचे कारण हेच.

प्रश्न : महाविद्यालयाच्या कार्यालयासाठी मी विद्यार्थ्यांच्या कायम नोंदणी क्रमांकांची यादी काढणारा प्रोग्राम लिहिला. 'पीआरएन.सीएसव्ही' या नावाची फाइल माझ्या लिनक्सवर तयार होते, कार्यालयातील विंडोजवर काही केल्या होत नाही. दुसरे कोणतेही नाव दिले तर होते!
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या विद्यापीठांनी रूढ केलेले हे तीन अक्षरी नाव विंडोजने प्रिंटरसाठी राखून ठेवले आहे. डॉसच्या पहिल्या काळात फोल्डर नव्हते, आणि प्रिंटर किंवा कळफलक यांसारखी उपकरणे फाइलींच्याच नावांनी हाक मारून वापरली जात. जुने प्रोग्राम चालत राहावेत म्हणून ती नावे प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव राहिली. पीआरएनबरोबर सीओएन, एयूएक्स, एनयूएल, तसेच सीओएम आणि एलपीटी यांच्यापुढे एक ते नऊ अंक लावलेली नावेही राखीव आहेत, आणि पुढे विस्तार लावल्याने ती सुटत नाहीत. विंडोज ११ मध्ये हा नियम काहीसा सैल झाला आहे, पण कार्यालयातील सर्व संगणक नवे आहेत असे धरून चालू नये. राखीव आहे ते फक्त टिंबाआधीचे पूर्ण नाव, 'पीआरएन-यादी.सीएसव्ही' हे नाव सर्वत्र चालेल. फाइलचे नाव वापरकर्ता देणार असेल तर पायथनच्या प्युअरविंडोजपाथमधील 'इज_रिझर्व्ह्ड' ही तपासणी लिनक्सवरही करता येते, ३.१३ आवृत्तीपासून मात्र तिच्याऐवजी 'ओएस.पाथ'मधील 'इजरिझर्व्ह्ड' वापरावे असे सुचवले जाते, आणि ते केवळ विंडोजवर उपलब्ध आहे.